अनुभव धागा: प्रार्थनेवरून उठल्यावर काय केलंत? (ठाणे, नवी मुंबई)

धागाकर्ती, ठाणे पश्चिम

जय ख्रिस्त मंडळी! लेंट (इस्टरआधीचा उपवासकाळ) चालू झालाय, कुणी मटण सोडलंय कुणी मोबाईल (मोबाईल सोडलेल्यांना हा धागा दिसणार नाही, असो). साक्षी, म्हणजे प्रार्थनेला उत्तर मिळाल्याचे अनुभव, तर आपण दर रविवारी ऐकतो, व्हिसा लागला, गाठ विरघळली, मुलाला ॲडमिशन मिळाली, देवाची स्तुतीच आहे त्यात, पण मला बरेच दिवस वेगळं काहीतरी ऐकायचंय. गुडघ्यावरून उठलात आणि मग काय केलंत? कुणासाठी काय केलंत, किंवा कुणाला तुमच्यासाठी करू दिलंत, आणि हे दुसरं जास्त जड जातं असं माझं आपलं मत.

मीच सुरुवात करते. आमच्या महिला मंडळाच्या शुक्रवारच्या प्रार्थनेत "आजारी आणि एकट्यादुकट्यांसाठी" अशी विनंती ठरलेली असायची, सगळ्या आमेन म्हणायच्या आणि चहा यायचा. एकदा एका रिटायर्ड शिक्षिकेने मध्येच विचारलं, "नावं काय त्यांची?" कुणाला सांगता येईना. मग वही केली. नाव, बिल्डिंग, फोन, काय लागतंय. पहिलंच नाव डायलिसिसवाल्या एका काकांचं निघालं, आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनवर, घरी बायको गुडघ्याने अधू, रिक्षातून नेणार-आणणार कोण? आता वाटून घेतलंय. प्रार्थना पूर्वीपेक्षा छोटी झालीय, हे पाळकसाहेबांना फारसं आवडलेलं नाही.

कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल, चर्चला न जाणारे, ख्रिस्ती नसलेले, सगळे लिहा. फक्त पेशंटची नावं आणि फाईलींचे फोटो नकोत.

खारघरकर

आमच्याकडे टाटाचं ॲक्ट्रेक, म्हणजे कॅन्सर हॉस्पिटल, आहे त्यामुळे कॅन्सरचे पेशंट रस्त्यावर रोजच दिसतात, बिहार, बंगाल, आसाम, आपल्या विदर्भातले पण, तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी, हातात ती फाईल. आमच्या यूथ ग्रुपने आधी फळं-बिस्किटं वाटली, मग एका नातेवाईकानेच सांगितलं की दादा फळं नकोत, डोनर द्या. तेव्हा कळलं की केमोमध्ये प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) धडाधड खाली येतात आणि बाहेरून द्यायच्या तर त्या पाचच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत, म्हणजे सतत नवा माणूस लागतो आणि गावाहून आलेल्यांनी इथे माणूस आणायचा कुठून.

मशीनवर बसायचं, एकीकडून रक्त जातं, प्लेटलेट काढून घेतात आणि बाकीचं परत अंगात येतं, तास-दीड तास तरी जातो. गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतली असेल तर घेत नाहीत. शिरा बारीक असल्या तरी परत पाठवतात. आमच्या गिटारवाल्याला तसंच परत पाठवलं, बिचारा सगळ्यात उत्साही होता. आता तो बाहेर बाकावर नातेवाईकांसोबत बसतो, त्यांना फॉर्म वाचून दाखवतो, बंगाली पण थोडी शिकलाय, आणि खरं सांगू का, लोक आमच्यापेक्षा त्यालाच जास्त ओळखतात.

एक नियम आम्ही स्वतःला घालून घेतलाय, पत्रकं नाही, बायबलची कार्डं नाहीत, चर्चचं नाव नाही. प्रार्थना आत जायच्या आधी पार्किंगमध्ये, आपली आपण. कुणी पेशंटने स्वतःहून मागितली तरच त्याच्याजवळ. यावरून ग्रुपमध्ये कडाक्याचं भांडण झालं, दोघं सोडून गेले, तरी नियम तोच ठेवलाय.

नेरुळची सून

हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. पवित्र गुरुवारी, इस्टरच्या आधीच्या गुरुवारी, चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात, येशूने शिष्यांचे धुतले होते म्हणून, आधी त्यात फक्त पुरुष असायचे, पोप फ्रान्सिसनी २०१३ ला रोमच्या बालसुधारगृहात मुलींचे पाय धुतले, त्यातली एक मुसलमान होती, आणि २०१६ ला नियमच बदलून बायकांना जागा दिली. त्यानंतर आमच्या पॅरिशमध्ये एकदा मला बोलावलं. मी आदल्या दिवशी पेडिक्युअर करून आले हसू नका. पण फादर खाली बसून तांब्याने पाणी घालत होते तेव्हा इतकं अवघडल्यासारखं झालं की कधी एकदा संपतंय असं वाटत होतं. बायबलात योहानाच्या १३व्या अध्यायातला शिष्य पेत्र येशूला म्हणतो ना, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत, त्याचा तो हट्ट मला त्या दिवशी कळला.

घरी सासरे डायबेटिसचे, पायाला बोटाशी जखम. ड्रेसिंगला नर्स यायची, बाकी पाय ते कुणाला हात लावू देत नसत, सुनेने पाय धरायचे म्हणजे काय. मी प्रार्थना त्यांचा पाय वाचावा म्हणून करत होते, आणि पायाला मात्र हात लावायचा नाही. त्या इस्टरनंतर मी सरळ टब घेऊन बसले. म्हटलं बाबा, माझे फादरनी धुतले ते मी सहन केलं, आता तुमची पाळी. ते काहीच बोलले नाहीत, पाय पुढे केला.

ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांच्यासाठी लिहिते, पाणी गरम किती आहे ते आपण आपल्या कोपराने बघायचं कारण त्यांना चटका कळतच नाही, फार वेळ भिजवायचे नाहीत, बोटांच्या मधे कोरडं पुसायचं आणि तिथे क्रीम नाही लावायचं, तळवा रोज बघायचा, आणि उघडी जखम असेल तर डॉक्टरना विचारूनच पाणी. पुढे दोन बोटं काढावीच लागली. पाय राहिला. ह्याला उत्तर मिळालं म्हणायचं की नाही ते मी ठरवत बसत नाही.

तलावपाळी

ठाण्याच्या लोकांना एक आठवण करून देतो. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातले साधू, इथे मारले गेले, थॉमस ऑफ टोलेंटिनो आणि तिघं सोबती. ते खरं तर चीनला निघाले होते, वाटेत इथे उतरले. २०२१ ला ७०० वर्षं झाली. पण मला त्यांच्यापेक्षा जास्त कुतूहल वाटतं ते त्यांना ज्यांनी घरात ठेवून घेतलं त्यांचं. इथे तेव्हा पौर्वात्य, म्हणजे नेस्टोरियन परंपरेची थोडी ख्रिस्ती घरं होती, परक्या देशाचे, परक्या पंथाचे साधू आणि यांनी जेवू घातलं. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

२६ जुलै २००५ ला माझ्या आईने अनोळखी लोकांना घरात घेतलं, ट्रेन बंद, कमरेपर्यंत भिजलेले, त्यात एक अवघडलेली बाई. आईने रोझरी अर्ध्यात थांबवली आणि पिठलं टाकलं. सकाळी सगळे गेले, नावं आम्ही पण विचारली नव्हती.

ऐरोली, सध्या बेंचवर

मी उलट बाजूचा अनुभव लिहितो. कंपनीने काढलं, महापेची कंपनी, नाव नको. नोकरीसाठी उपवास, ऑल नाईट प्रेयर, सगळं झालं, नोकरी मिळाली नाही. चर्चमध्ये लोक खांद्यावर हात ठेवून म्हणायचे देवाची वेळ असते ब्रदर, आणि मला त्या वाक्याचा राग यायला लागला, अजून येतो. एका अंकलनी मात्र असलं काही म्हटलं नाही, दर महिन्याला वाण्याकडे परस्पर पैसे भरले. मला वाण्याने सांगितलं तेव्हा मी तडक त्यांच्या घरी भांडायला गेलो. ते म्हणाले, तू दहा वर्षं डेकनची पेटी, चर्चचा गरिबांसाठीचा पैसा, सांभाळलीस, देताना लाज नाही वाटली, आता घेताना का वाटते? मी तिथेच रडलो. प्रार्थनेत आता काय मागू ते मला समजत नाही, नुसता बसतो. बायको म्हणते ते पण चालतं.

खजिनदार (कुठला ते नाही सांगत)

ऐरोलीकर, जपा स्वतःला. पण परस्पर देणं सगळ्यांना परवडत नाही हो. आम्ही रेशन वाटतो तेव्हा देणगीदार फोटो मागतात, नाही दिला तर पुढच्या वेळी पैसे येत नाहीत. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये हे मला पण माहितेय, ऑडिटरला काय सांगू?

नेरुळची सून

@खजिनदार पिशव्यांचा काढा ना फोटो, बिलाचा काढा. माणसाच्या तोंडाचा कशाला? त्या पोरांची शाळेत थट्टा होते.

कळवा नाका

मी ख्रिस्ती नाही, आमच्या घरात विठोबा. कळव्याच्या हॉस्पिटलमध्ये वडील ॲडमिट होते, शेजारच्या कॉटवरच्या आजींना भेटायला एक बाई यायच्या, गळ्यात छोटा क्रॉस. मला आधी वाटलं आता आपल्याला पण काहीतरी सांगत बसणार, म्हणून मी तोंड फिरवून बसायचो. त्यांनी एकदाच विचारलं, तुम्ही जेवून येता का, मी बसते इथे. रोज मग तेच. मी न राहवून विचारलं की तुम्ही आजींच्या कोण? म्हणाल्या कुणी नाही, त्यांचं कुणी येत नाही म्हणून येते. वडील गेले त्या रात्री बॉडी ताब्यात घ्यायचे सगळे सोपस्कार त्यांनीच समजावले, मला तर एक अक्षर सुचत नव्हतं. आम्ही तुकोबाचा अभंग म्हटला तेव्हा त्या मागे हात जोडून उभ्या होत्या.

पनवेल जुनं

माझी पणजी दुष्काळात अनाथ झालेली, पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये आणलेल्या मुलींपैकी. रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर केलं ते तिथल्याच छापखान्यात मुलींनी खिळे जुळवून छापलं, रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, पूर्ण बायबल १९२४ ला आलं. पणजी त्या खिळे जुळवणाऱ्यांत होती असं आजी सांगायची. ओळ आरशात बघितल्यासारखी उलटी वाचायची सवय तिला म्हातारपणापर्यंत होती, पेपरसुद्धा उलटा धरून वाचून दाखवायची आणि पोरांना हसवायची. बास, एवढंच.

कोपरखैरणेची आजी (नातीकडून टाईप करून घेतलंय)

मी पलंगावरून उठू शकत नाही, मी काय सेवा करणार. फोन करते. धागाकर्तीबाईंसारखी वही माझ्याकडे पण आहे, सकाळी पाच नावं घेते आणि दुपारी त्यांनाच फोन लावते. निम्मे उचलत नाहीत. एक मुलगा आहे, तो सांगतो आजी मी मीटिंगमध्ये आहे, आणि मग अर्धा तास बोलतो.

धागाकर्ती, ठाणे पश्चिम

आजी, ऐरोलीकरांना तुमच्या वहीत घ्या प्लीज, नंबर त्यांना विचारून पाठवते. खारघरकर, आमच्या मंडळातल्या चारजणींना प्लेटलेट द्यायच्यात, पन्नाशीच्या पुढच्या चालतात का?

खारघरकर

साठपर्यंत घेतात ताई, फक्त वजन आणि हिमोग्लोबिन बघतील. उपाशी येऊ नका, लेंट असला तरी नाश्ता करूनच यायचं, नाहीतर तिथेच चक्कर येते. शनिवारी सकाळी या, आधी मला फोन करा म्हणजे कुठला ग्रुप लागतोय ते ब्लड बँकेत विचारून ठेवतो.