टायटस ओट्सवर लोकांनी विश्वास ठेवलाच कसा?

वाचनवेडा: प्रोटेस्टंट इंग्लंडमधलं 1678 चं पोपिश प्लॉट प्रकरण, म्हणजे कॅथलिकांच्या कथित कटाचं, वाचतोय. हा ओट्स उठतो, सांगतो की जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक संघाचे धर्मगुरू, राजा दुसऱ्या चार्ल्सला मारणारेत, आणि अख्खं लंडन हादरतं! पुरावा काहीच नव्हता ना?

सह्यभटक्या: पुरावा नव्हता पण भीती आधीपासून मुरलेली, 1605 चा गनपावडर कट, म्हणजे कॅथलिकांचा राजासकट संसद उडवायचा डाव, तर खराच होता, 1666 च्या लंडनच्या आगीचं खापरही कॅथलिकांवरच फोडलेलं, त्यात राजाचा भाऊ जेम्स कॅथलिक आणि तोच गादीचा वारस. आणि ज्याच्यापुढे ओट्सने शपथेवर जबानी दिली तो मॅजिस्ट्रेट गॉडफ्री ऑक्टोबरात प्रिमरोझ हिलवर मेलेला सापडला, स्वतःचीच तलवार आरपार, गळ्यावर आवळल्याचे वळ. मग कोण ऐकतंय!

नदीकाठ: मला सगळ्यात चीड येते ती ऑलिव्हर प्लंकेटच्या केसची. आयर्लंडमधल्या आर्माचा कॅथलिक आर्चबिशप, त्यालाही याच कटात गोवलं. आयर्लंडमध्ये खटला उभा राहिना म्हणून लंडनला आणला, साक्षीदार बोलवायला पुरेसा वेळ दिला नाही आणि जुलै 1681 मध्ये टायबर्नला फाशी देऊन तुकडे केले. निव्वळ खून होता हा.

वाचनवेडा: बापरे. आणि ओट्स?

सह्यभटक्या: 1685 ला खोट्या साक्षीबद्दल फटके आणि जन्मठेप, पण 1689 ला सुटला, वर पेन्शनही मिळालं. कॅथलिकांना मात्र संसदेत बसायला 1829 उजाडलं.