समुद्रपक्षी पाहण्यासाठी खोल समुद्रात जायचे आहे: वाऱ्याचा दिवस निवडावा की शांत?

दुर्बीणधारी:
आजवर मी पाणथळींवरचे आणि किनाऱ्यावरचे पक्षी पाहत आलो आहे. आता केवळ समुद्रपक्ष्यांसाठी निघणाऱ्या दिवसभराच्या बोटफेरीला जावे, असे मनात आहे. अडचण एवढीच की मला बोट लागते, त्यामुळे समुद्र अगदी शांत असेल त्याच दिवशी जावे, असे घरच्यांचे म्हणणे आहे. परंतु अशा दिवशी पक्षी कमी दिसतात, असेही कानावर आले आहे. यात तथ्य किती? शिवाय हलत्या बोटीवर कोणती दुर्बीण चालते, आणि क्षणभर दिसून लाटेआड जाणारा पक्षी ओळखायचा तरी कसा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खारावारा:
आपल्या कानावर आले ते खरे आहे. अल्बाट्रॉस, शिअरवॉटर आणि बहुतेक पेट्रेल या खोल समुद्रावरच्या पक्ष्यांची सारी भिस्त वाऱ्यावर असते. पाण्याशी होणाऱ्या घर्षणामुळे लाटांलगतचा वारा मंद असतो आणि वर जावे तसा तो जोर धरतो. या फरकाचा फायदा घेत पक्षी वाऱ्याला तोंड देऊन वर चढतो, वळतो आणि वाऱ्याबरोबर घसरत पुन्हा लाटांजवळ येतो, आणि असे करत पंख फारसे न हलवता मैलोन्मैल जातो. भटक्या अल्बाट्रॉसच्या पंखांचा विस्तार ३.५ मीटरपर्यंत भरतो. एवढे पंख सतत फडफडवणे त्याला झेपणारे नाही. वारा पडला की हे पक्षी पाण्यावर बसून राहतात, आणि बसलेला काळपट पक्षी थोड्या अंतरावरूनही नजरेस पडत नाही. म्हणून मध्यम वाऱ्याचा दिवस निवडावा. हवामान पाहून कप्तानाने नकार दिला, तर मात्र हुज्जत घालू नये.

वाऱ्याइतकेच महत्त्व बोट कोठवर जाणार याला आहे. समुद्रबूड जमीन, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, संपून साधारण २०० मीटर खोलीच्या पुढे तळ झपाट्याने खाली जातो, त्या कडेवर अनेक ठिकाणी खालचे थंड, पोषक पाणी वर येते, त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढतात आणि त्यांच्यामागे मासे व पक्षी येतात. बोट या कडेपर्यंत जात नसेल, तर बहुधा कुरव (गल) आणि सुरय (टर्न) यांवरच समाधान मानावे लागेल.

मधली_फळी:
बोट लागण्याविषयी लिहितो. औषध डॉक्टरांना विचारून, पण निघण्यापूर्वीच घ्यावे. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. बोटीच्या मध्यभागी किंवा मागच्या बाजूला उभे राहावे, कारण नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, सर्वांत जास्त वरखाली होते. बंद केबिनमध्ये जाऊ नये, मोबाइलमध्ये डोके घालू नये, नजर क्षितिजावर ठेवावी. उलटी होणारच असेल, तर वारा आपल्या पाठीवर येईल अशा कठड्याशी जावे. शेजाऱ्यांशी संबंध टिकवण्याचा हा एकमेव मार्ग आहे.

दुर्बीण ८×४२ (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर व्यासाच्या पुढच्या भिंगांची) पुरेशी. दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण हाताचा आणि बोटीचा हादराही तितकाच मोठा करून दाखवते. टेलिस्कोप व तिपाई घरीच ठेवावी. भिंगांवर खारे तुषार सुकले, तर ती कोरड्या कापडाने कधीही पुसू नयेत. मिठाचे कण भिंगावर ओरखडे पाडतात. आधी गोड्या पाण्याने धुवावीत.

लाटेपलीकडे:
ओळखण्याबाबत माझे मत असे की, पिसांच्या रंगाआधी उडण्याची ढब पाहावी. शिअरवॉटर ताठ पंखांनी एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर कलत जातो. सुरय हलक्या हाताने वल्हवल्यासारखा उडतो. स्कुआ जड अंगाचा, दुसऱ्याच्या मागे लागून त्याला घास टाकायला लावणारा. विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल चिमणीहून थोडाच मोठा असतो. तो लांबून फक्त पांढऱ्या कमरेचा काळा ठिपका वाटतो, पण बोटीजवळ आला की पंख वर धरून, लांब पाय खाली सोडून पाण्यावर टपटप पावले टाकताना दिसतो, आणि प्रकाश चांगला असेल तर बोटांमधील पडद्यांचा पिवळा रंगही कळतो.

कोणी पक्षी दाखवताना 'तो बघा, तिकडे' म्हणू नये. बोट हे घड्याळ मानावे: नाळ म्हणजे बारा, उजवा कठडा तीन, मागची बाजू सहा. 'चार वाजता, क्षितिजाच्या खाली, डावीकडे जातोय' एवढे सांगितले की सर्वांच्या दुर्बिणी योग्य ठिकाणी वळतात.

दुर्बीणधारी:
सर्वांचे आभार. काही फेऱ्यांत पाण्यावर माशाचे तेल ओततात, त्याचा खरोखर उपयोग होतो का?

लाटेपलीकडे:
होतो. अल्बाट्रॉस, शिअरवॉटर, पेट्रेल या नळीसारख्या नाकपुड्यांच्या कुळांतील अनेक पक्ष्यांचे घ्राणेंद्रिय तीक्ष्ण असते. प्लवक खाल्ले जात असताना सुटणाऱ्या डायमिथाइल सल्फाइड या वायूच्या वासावरूनही त्यांपैकी काही भक्ष्य शोधतात. वास वाऱ्याबरोबर पसरतो, म्हणून पक्षी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, तवंगाच्या पट्ट्यावरून येतात. तेल ओतल्यावर वारा जिकडे वाहतो आहे तिकडे लक्ष ठेवावे. आपल्याला बोट लागते, तेव्हा तेलाची बादली कोठे ठेवली आहे ते आधी पाहून, वारा आपल्याकडून तिच्याकडे जाईल अशी जागा धरावी.