मदत हवी आहे: आरोपीने साक्ष द्यायची की नाही, हे ठरवायचं कोणी?
मूट कोर्टची (कायद्याच्या विद्यार्थ्यांचा लुटुपुटीचा खटला) तयारी करतेय, खटला अमेरिकेतला. आरोपीला स्वतः साक्ष द्यायचीय, त्याचा वकील मात्र कोपर धरून खाली बसवतोय. १९८७ च्या रॉक विरुद्ध आर्कान्सा निकालाने हा आरोपीचा घटनात्मक हक्क मानलाय, इथवर ठीक. गप्प बसला तर १९६५ च्या ग्रिफिन निकालामुळे सरकारी वकिलाला त्या मौनावर बोट ठेवता येत नाही. बोलला, तर उलटतपासणीत जुन्या शिक्षाही निघू शकतात (माझ्या अशिलाच्या दोन आहेत, कर्म माझं!).

अडलंय ते इथे. वकिलाने परस्पर नको म्हटलं आणि आरोपी तेव्हा काहीच बोलला नाही, तर त्याने हक्क सोडला असं धरतात का? की न्यायाधीशाने त्यालाच थेट विचारायला हवं? राज्यागणिक वेगळं असेल तर तेही सांगा प्लीज.