मानेवाड्याला 1500 फुटाच्या प्लॉटवर घर बांधायचंय, पैशाचं गणित कसं बसवावं?

मानेवाडाकर

नमस्कार मंडळी. नागपुरात मानेवाड्याला बाबांच्या नावाने 1500 स्क्वेअर फुटाचा प्लॉट आहे. सोसायटीचा लेआउट, एनआयटीची (नागपूर सुधार प्रन्यास) डिमांड भरलेली, आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) आणि रजिस्ट्री दोन्ही हातात आहे. इतकी वर्षं नुसता पडून होता. आता भाडं 14 हजारावर गेलं आणि आईला गुडघ्यामुळे दुसरा मजला चढवत नाही, म्हणून यंदा बांधायचंच असं घरात ठरलं. खाली हॉल, किचन आणि आईबाबांची बेडरूम, वर आमच्या खोल्या, असं दोन्ही मजले मिळून 1700 फूट बांधकाम होते.

ठेकेदार विथ मटेरियल (मालासकट) 2000 रुपये फूट म्हणते, म्हणजे 34 लाख. माझ्याजवळ 15 लाख आहेत. बाबा म्हणून राहिले की माझी रिटायरमेंटची 12 लाखाची एफडी मोड, उगाच बँकेचं व्याज कशाला भरतो. मला ते पटत नाही पण त्यांना नाही म्हणायला जीव होत नाही. एफडी मोडावी की कर्ज जास्त घ्यावं? आधी आपला पैसा लावायचा की आधी बँकेचा? आणि ठेकेदार म्हणते अक्षय तृतीयेला भूमिपूजन करा न दिवाळी नव्या घरात करा, हे खरंच होते का? ज्यांनी बांधलं त्यांनी सांगा प्लीज.

निवृत्त_बँकवाला

भाऊ, एफडीला हात लावू नका. आईबाबांच्या दवाखान्याचा पैसा आहे तो. एकदा विटा-सिमेंटात गेला की तुम्हाला लाख रुपये जरी परत काढायचे असले तर घर गहाण टाकावं लागेल. होम लोन फ्लोटिंग रेटचं असलं तर आधी फेडल्यावर दंड लागत नाही, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, त्यामुळे घर झाल्यावर बाबांना वाटलंच तर तेव्हा त्यातून भरता येईल. म्हणून आधी कर्ज पुरेसं मंजूर करून ठेवा, सगळं उचललंच पाहिजे असं नाही. हप्त्याचा अंदाज देतो, 25 लाख, 20 वर्षं, व्याज 8 टक्के धरलं तर महिन्याला 20,900 च्या आसपास.

मंजुरी इंजिनिअरच्या सही-शिक्क्याच्या इस्टिमेटवर होते. 30 लाखापर्यंतच्या कर्जाला बँक जास्तीत जास्त 90 टक्के देऊ शकते, 30 ते 75 लाखाला 80 टक्के. पण पैसा एकरकमी मिळत नाही हे डोक्यात पक्कं ठेवा. प्लिंथ (जोतं) झाली की एक हप्ता, स्लॅब झाला की एक, मग जोडाई, प्लास्टर, फिनिशिंग, आणि दर वेळी बँकेचा माणूस काम बघून जातो मग पैसे सुटतात. म्हणजे काम आधी, पैसा मागून. म्हणून तुमचे 15 लाख सुरुवातीलाच लागतील, ते फर्निचरसाठी वगैरे मागे ठेवू नका. बांधकाम चालू असताना जेवढं उचललं तेवढ्याचंच व्याज द्यायचं, 10 लाख उचलले असतील तर 8 टक्क्यांनी महिन्याला 6,700 च्या जवळपास. पण तेव्हा तुमचं 14 हजार भाडंही चालूच असते नं, ते दोन्ही मिळून हिशोबात धरा.

प्लॉट बाबांच्या नावाने आहे तर बँक त्यांना सहकर्जदार करेल, त्यांची सही लागेलच. आणि एक, तुम्ही जुन्या टॅक्स रिजीममध्ये असाल आणि व्याजाची 2 लाखापर्यंतची सूट पाहिजे असेल तर नुसतं कर्जात नाव असून चालत नाही, मालकीतही नाव लागते. नव्या रिजीममध्ये राहत्या घराला ती सूट नाही. तेव्हा मालकीचं काय करायचं ते कर्जाचा अर्ज टाकायच्या आधी सीएला विचारून घ्या. नकाशाही आधी मंजूर करा. 2020 च्या शेवटी आलेल्या युडीसीपीआरमध्ये (राज्याची बांधकाम नियमावली) 150 चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट लो रिस्कमध्ये, म्हणजे कमी जोखमीच्या गटात येतो, तुमचा 139 बसतो, परवानगी सोपी आहे. पण बँकेला शिक्क्याचा नकाशा लागतोच.

साइटवरचा_इंजिनिअर

अक्षय तृतीयेचं पूजन खुशाल करा, खोदकाम मात्र त्या मुहूर्तावर काढू नका. मुहूर्त एप्रिल-मेमध्ये येतो, जूनच्या मध्यात आपल्याकडे पाऊस लागतो, आणि तुमच्या प्लॉटला काळी माती निघाली तर फुटिंगच्या (खांबाच्या पायाच्या) खड्ड्यात पाणी साचून बाजू ढासळतात, मग पंप लावा, गाळ काढा, तो सगळा खर्च ठेकेदार तुमच्याच बिलात टाकते. दिवाळीनंतर खोदा. डिसेंबर-जानेवारीत प्लिंथ, मार्चपर्यंत दोन्ही स्लॅब असं बसवा. नकाशा, कर्ज, करारनामा हे सगळं पावसाळ्यात उरकून घ्या. रेती पण लक्षात ठेवा, पावसाळ्यात नदीचे घाट बंद असतात, त्यामुळे ब्रासचा (100 घनफुटाचा) भाव तेव्हा चढलेला असते.

आता पायाचं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते न पावसाळ्यात फुगते, घर वर-खाली ओढते, तेव्हा फुटिंग कडक मुरूम लागेपर्यंत खाली गेलंच पाहिजे. मुरूम फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगीर बुड असलेले खोल काँक्रीटचे खांब) करतात, हे सॉइल टेस्टशिवाय कोणी सांगू शकत नाही. टेस्टचे पैसे वाचवू नका, पूर्ण बांधकामात सगळ्यात वसूल होणारा खर्च तोच आहे. आणि खोदून निघालेली काळी माती परत प्लिंथमध्ये भरू देऊ नका!! ठेकेदाराला ट्रॅक्टरचं भाडं वाचवायचं असते म्हणून तो तेच करते, मग दोन वर्षांत फरशी बसते न भिंतीला तडे जातात. मुरूमच भरा, थराथराने पाणी मारून दाबून.

प्लिंथची उंची पण आजच्या रस्त्यावरून मोजू नका. शहरात जिथे जिथे सिमेंट रोड झाले तिथे जुनी घरं रस्त्याच्या खाली गेली, पाऊस आला की पाणी सरळ अंगणात येते. तुमचा रोड अजून डांबरी असेल तर तो उद्या वर येईल असं धरूनच चाला.

मार्चमध्ये स्लॅब टाकला की क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला, माणूस लावा. आपल्या उन्हात पीपीसी (फ्लाय अ‍ॅश मिसळलेल्या) सिमेंटला 14 दिवस पाणी पाहिजे, आयएस 456 मध्ये (काँक्रीटचं भारतीय मानक) गरम कोरड्या हवेसाठी तेच सांगितलं आहे. ठेकेदाराचा पोरगा सकाळी पाइप फिरवून जाईल, दुपारी स्लॅब कोरडा ठणठणीत. वाफे बांधून पाणी भरून ठेवा.

हुडकेश्वरवाली_ताई

वरचे दोन्ही प्रतिसाद शंभर टक्के बरोबर. मी फक्त 34 लाखाबद्दल बोलते. 2000 रुपये फुटात काय येत नाही ते ठेकेदाराला विचारलं का? आमच्याकडे कंपाउंड वॉल, गेट, सेप्टिक टँक, पाण्याचं टाकं, बोअर, मीटर, मॉड्युलर किचन हे सगळं बाहेर होतं. तुमचं पण असेल तर 40 धरून चला आणि इस्टिमेटमध्ये ते सगळं टाकूनच बँकेत द्या, कारण मागून कर्ज वाढवून घेणं फार जिकिरीचं जाते.

लेबर रेटवर (नुसती मजुरी ठेकेदाराची, माल आपला) दिलं तर माल स्वस्त पडतो, पण रोज साइटवर घरचं कोणीतरी पाहिजे. तुम्ही नोकरीवाले आहात, बाबांना उन्हात उभं करू नका, विथ मटेरियलच द्या. पण करारात लिहून घ्या की सिमेंट कोणत्या कंपनीचं, सळाख कोणती, फ्लाय अ‍ॅश विटा की लाल, टाइल्स किती रुपये फुटापर्यंत, नळ कोणते. दोन मजली घराला साधारण फुटामागे 4 किलो लोहा लागतो, तेवढा येऊन राहिला का ते वजनकाट्याच्या पावतीवर बघा. आणि भाव आजच्या जीएसटीवर घ्या, सिमेंटचा 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्के झाला, जुनं कोटेशन असेल तर खाली यायला पाहिजे. अ‍ॅडव्हान्स थोडाच द्या, बाकी हप्ते बँकेच्या टप्प्यांशीच जुळवा, म्हणजे तुमच्या खिशातून मध्येच मोठी रक्कम जाणार नाही.

आईंसाठी एक सांगते. खालच्या बाथरूमला उंबरठा ठेवू नका, दार मोठं ठेवा, आणि त्यांची खोली पश्चिमेला काढू नका. मे महिन्यात पश्चिमेची भिंत रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते. तिकडे जिना किंवा स्टोअर घ्या. स्लॅबमध्ये सोलरचा पाइप आत्ताच टाकून ठेवा, पीएम सूर्यघर योजनेत छतावरच्या 3 किलोवॅटच्या सोलरला 78,000 सबसिडी आहे.

मानेवाडाकर

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. संध्याकाळी बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. फ्लोटिंगला दंड नाही, नंतर पण भरता येते, हे ऐकल्यावर ते एफडी राहू द्यायला तयार झाले. 40 लाखाचं इस्टिमेट काढून 25 चं कर्ज मागतो. ठेकेदार म्हणते सॉइल टेस्टची गरज नाही, शेजारच्या प्लॉटला 6 फुटावर मुरूम लागला होता. यावर काय म्हणू?

साइटवरचा_इंजिनिअर

शेजारच्या प्लॉटचा मुरूम तुमच्या घराखाली येत नाही हो. जुनी विहीर, बुजवलेला नाला, काहीही निघू शकते. टेस्ट करणारा तुम्ही स्वतः शोधा, ठेकेदाराकडून घेऊ नका, आणि रिपोर्ट थेट स्ट्रक्चरल इंजिनिअरला द्या. फुटिंगचं ड्रॉइंग त्याच्यावरून निघालं पाहिजे, त्याच्या आधी करारावर सही करू नका.