वॉशची वर्तुळं आणि साबणाचा एक थेंब

मॉडेल विमानाच्या पंखांवर अ‍ॅक्रिलिक वॉश (खाचा उठून दिसाव्यात म्हणून लावतात तो पातळ रंग) सुकल्यावर ओल्या ग्लासाखाली उमटतात तशी वर्तुळं राहिली, असं तुम्ही लिहिलंय. रंग फार पातळ झाला असेल, हे आधीच्या प्रतिसादातलं मत मला काही पटत नाही. माझा संशय मॅट पृष्ठभागावर आहे. तो खरखरीत असतो, वॉश पडेल तिथेच धरून ठेवतो. पॅनल लाइनपर्यंत, म्हणजे पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या खाचांपर्यंत, पोचूच देत नाही. आधी ग्लॉस वार्निश मारा, पूर्ण वाळू द्या, मग बघा खाचेतून कसा सरसर पळतो ते.

नुसतं पाणी घातलं तर पृष्ठताणामुळे वॉशचे मणी होतात. भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब पुरतो. जास्त झालं की फेस, आणि बुडबुडा फुटेल तिथे ठिपका (१:७२ स्केलच्या एका विमानावर हे करून बसलोय!).

अ‍ॅक्रिलिक वाळलं की पाण्याने हलत नाही. म्हणून एका वेळी एकच पॅनल, आणि जेमतेम ओलसर असा दुसरा ब्रश जादा वॉश पुसायला हाताशी. अख्खं मॉडेल एकदम माखायचं असेल तर सरळ ऑइल पेंटचा वॉश वापरा, तो नंतरही व्हाइट स्पिरिटने (ऑइल पेंट पातळ करायचं द्रावक) पुसता येतो.

आणि वॉशला काळा रंग नको हो, गडद तपकिरी घ्या.