मदत हवी आहे: चिनाबच्या खोऱ्यातल्या बर्फाचा आलेख उलटा का येतोय?

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. एम.एस्सी. भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी पश्चिम हिमालयातल्या बर्फाचा २००० पासूनचा हिशेब मांडतेय. कॉलेजात उपग्रहाच्या माहितीवर काम केलेलं कुणी नाही, म्हणून इथे विचारते. थोडं लांबेल.

यवतमाळात बसून हिमालयाचा बर्फ कशाला, असं आमच्या सरांनीही विचारलं होतं. आमची सहा एकर कोरडवाहू, पराटी (कापूस) आणि तूर. मागच्या उन्हाळ्यात बाबा बातम्या ऐकून म्हणाले, "हिमालयात बरफ कमी पडला म्हंतेत, मंग यंदा पानी कसा राहीन?" धूळपेरणी करायची की थांबायचं, हे त्यांना ठरवायचं होतं. दुबार पेरणी आमच्या घरानं दोनदा भोगली आहे. मला उत्तर देता आलं नाही, आणि ते मनाला लागून राहिलं.

वाचत गेले तेव्हा कळलं की प्रश्न फार जुना आहे. हवामान खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्येच मांडलं होतं की हिमालयात बर्फ जास्त पडला की पुढचा मान्सून कमजोर राहण्याकडे कल असतो. बर्फ ऊन परतवतो. उरलेली उष्णता तो वितळण्यात आणि मग ओली जमीन सुकण्यात खर्च होते. जमीन उशिरा तापते, आणि मान्सूनला ओढून घेणारा कमी दाब जोर धरत नाही. डॉ. वसंत गोवारीकरांच्या १९८८ च्या सोळा घटकांच्या मॉडेलमध्येही हिमालयातला बर्फ होता.

आता काम. हिमाचलातल्या लाहौलमध्ये चंद्रा आणि भागा या नद्या तांदीला मिळून चिनाब होते, तिथवरचं खोरं घेतलंय. टेरा उपग्रहावरच्या मोडिस या उपकरणाचे रोजचे बर्फाचे नकाशे, पिक्सेल (चित्राचा एक चौकोन) ५०० मीटरचा. बर्फ हिरव्या प्रकाशात चमकतो आणि १.६ मायक्रॉनच्या अवरक्त पट्ट्यात जवळजवळ काळा दिसतो. त्या फरकावरून एनडीएसआय हा बर्फाचा निर्देशांक निघतो. तो ०.४ च्या वर असेल तिथे मी बर्फ धरला. सगळं गूगल अर्थ इंजिनवर (तिथे उपग्रहाची माहिती न उतरवता ऑनलाइनच हाताळता येते), कारण एवढ्या फायली मोबाइलच्या नेटवर उतरवणं शक्य नाही, आणि लाईन कधी जाईल त्याचा भरवसा नाही. एप्रिलमधल्या प्रत्येक दिवसाचं बर्फाचं क्षेत्र चौ. किमीमध्ये काढलं आणि महिन्याची सरासरी घेतली.

अडलंय ते असं. माझ्या आलेखात २०१९ चा एप्रिल अगदी खाली गेलाय. माझा मामेभाऊ फौजेत आहे, तो तेव्हा त्याच भागात होता. तो सांगतो, त्या वर्षी बर्फ हटता हटत नव्हता. त्याचं ऐकू की उपग्रहाचं?

दुसरं, मागे १९९० पर्यंत जाण्यासाठी लँडसॅट ५ या जुन्या उपग्रहाची माहिती जोडली, तर बरोबर २००० ला आलेखात पायरी पडते. आणि तिसरं, या बर्फाची तुलना थेट आमच्या तालुक्याच्या जूनच्या पावसाशी केली तर चालेल का?

प्रतिसाद
ताई, भावाचं ऐका. तुम्ही ढगाखालच्या पिक्सेलचं काय केलंत? क्षेत्राची नुसती बेरीज केली असेल, तर ढगाखालचा बर्फ बेरजेत आलाच नाही, म्हणजे तुम्ही तो शून्य धरला. हिवाळ्या-वसंतात तिथे बर्फ आणतात ते पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी वादळी हवा), आणि ढगही तेच आणतात. म्हणून भरपूर बर्फाचं वर्ष तुमच्याकडे कोरडं दिसतंय. २०२० पर्यंत टेरा सकाळी साडेदहाच्या सुमारास जायचा आणि मोडिसच असलेला दुसरा उपग्रह, अ‍ॅक्वा दुपारी दीडच्या. तेवढ्यात ढग सरकतात, तेव्हा दोन्ही एकत्र करा. उरलेल्या जागा आदल्या-नंतरच्या दिवसांवरून भरा. क्षेत्राऐवजी 'उघड्या दिसलेल्या भागापैकी बर्फ किती' हे प्रमाण घ्या, आणि ज्या दिवशी बहुतेक खोरं झाकलेलं असेल तो दिवस सोडून द्या.

प्रतिसाद
पायरीबद्दल. लँडसॅट ५ एका जागेवर १६ दिवसांनी येतो, म्हणजे एप्रिलमध्ये जेमतेम दोनदा. दोन्ही वेळा ढग असले की महिना गेला. शिवाय त्याचा पिक्सेल ३० मीटरचा. सरळ जोडू नका. २००० ते २०११ दोन्ही चालू होते. त्या वर्षांतल्या एकाच तारखेची चित्रं घ्या, लँडसॅट ५०० मीटरवर आणा आणि फरक किती पडतो ते आधी बघा. कल काढायला मान-केंडाल चाचणी लावा, एका-दोन टोकाच्या वर्षांनी ती हलत नाही. आणखी एक: २०२० नंतर टेराची कक्षा सांभाळणं थांबलं आहे, तो सकाळी हळूहळू आणखी लवकर येऊ लागला आहे. शेवटच्या वर्षांकडे त्या नजरेनं बघा.

तालुक्याच्या पावसाशी थेट तुलना मला पटत नाही. ब्लॅनफर्डचं नातं देशाच्या पावसाबद्दल आहे, आणि अलीकडच्या दशकांत तेही ढिलं पडलंय. एल निनो त्याला सहज झाकून टाकतो. एका खोऱ्यावरून एका तालुक्याचा जून निघणार नाही.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. चूक तीच होती, मी नुसती बेरीज केली होती. काल रात्री प्रमाण काढून बघितलं, २०१९ चा एप्रिल आलेखात वर गेला. मामेभावाला फोन करून सांगितलं. पेरणीचं यातून निघणार नाही, हेही बाबांना सांगितलं. शंभर मिलिमीटर पडेपर्यंत थांबू म्हणाले.

एक शंका मात्र उरली. मी मोजतेय ते बर्फाचं क्षेत्र. पराटी हिरवीगार दिसली म्हणून बोंडं किती ते कळत नाही, तसं क्षेत्रावरून त्यात पाणी किती हे कळणार नाही. उपग्रहावरून सूक्ष्मतरंगांनी (मायक्रोवेव्ह) बर्फातल्या पाण्याची मोजणी १९७८ पासून आहे, पण तिचा पिक्सेल सुमारे २५ किमीचा, आणि वसंतातल्या ओल्या बर्फात ती चुकते असं वाचलं. लाहौलसारख्या डोंगरात त्याऐवजी काय वापरता येईल? ईआरए५-लँडचे (हवामानाच्या मॉडेलवरून काढलेल्या जुन्या नोंदींचे) बर्फाचे आकडे कुणी तिथे तपासून पाहिलेत का? रविवारी लाईन असते, तेव्हा सगळं पुन्हा चालवणार आहे.