भितरकनिकाला दिवाळीत जावे की फेब्रुवारीत?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक)

नमस्कार. मी, पती, नववीतील मुलगी आणि ६८ वर्षांच्या सासूबाई असे आम्ही चौघे ओडिशातील भितरकनिका राष्ट्रीय उद्यान पाहण्याचा बेत करीत आहोत. दर हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला जाऊन जाऊन मुलीला पक्ष्यांची गोडी लागली आणि आता तिला खारफुटीचे जंगल व तेथील मगरी पाहायच्या आहेत. दिवाळीची सुट्टी सर्वांना सोयीची आहे; परंतु तेथे बहुतेक फिरणे बोटीतूनच होते असे कळले. तेव्हा काळ कोणता निवडावा, नाशिकरोडहून कसे जावे आणि सासूबाईंना बोटीत चढणे-उतरणे झेपेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (नाशिकरोड)

ताई, आम्ही उभयता फेब्रुवारीत जाऊन आलो आहोत, म्हणून आग्रहाने सांगतो की दिवाळी टाळावी. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे महिने असतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ‘दाना’ वादळ भितरकनिका आणि धामरा यांच्याच परिसरात किनाऱ्यावर धडकले होते. शिवाय मगर ऊन खाऊन अंग तापवते, त्यामुळे थंडीच्या दिवसांत ती सकाळी गाळाच्या काठावर तासन्‌तास निश्चल पडलेली दिसते. मे ते जुलै हा तिच्या विणीचा काळ असल्याने उद्यान बंद असते, आणि जानेवारीत मगरींच्या गणनेसाठी काही दिवस प्रवेश थांबवतात.

नागपूरमार्गे जाणाऱ्या हावडा मेलने खडगपूरला उतरावे, तेथून रेल्वेनेच भद्रक आणि पुढे रस्त्याने चांदबाली गाठावे. उद्यानातील डांगमाळ येथे वनविभागाची राहण्याची सोय आहे. तिचे आरक्षण झाल्याशिवाय रेल्वेची तिकिटे काढू नयेत.

उत्तर (मूळचे दापोलीचे, सध्या सिडको, नाशिक)

वरील सल्ला योग्य आहे, परंतु महिना ठरला तरी दिवस ठरवताना तिथी अवश्य पाहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीचे पाणी फार खाली जाते, त्यामुळे बोट धक्क्याच्या बरीच खाली राहते आणि उघड्या पडलेल्या पायऱ्यांवर निसरडा गाळ असतो. अष्टमीच्या सुमारास, म्हणजे आमच्याकडे ज्याला भांग म्हणतात त्या दिवसांत, हा फरक कमी असतो आणि वयस्कर माणसाला चढणे पुष्कळ सोपे जाते. भरतीला निघावे, म्हणजे अरुंद खाड्यांत बोट आतपर्यंत शिरते. परतताना ओहोटी लागलेली असते आणि गाळ उघडा पडून मगरी दिसू लागतात. मात्र तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ मिळते, हा आपल्या कोकणातला हिशेब त्या किनाऱ्याला लागू पडत नाही. तेथील वेळा बोटवाल्यालाच विचाराव्यात.

उत्तर (पंचवटी)

मुलीला जाण्यापूर्वी एवढे अवश्य सांगा की तिला दिसणारी मगर आपल्या नद्यांतली नव्हे, खाऱ्या पाण्यातली आहे, आणि ती आज दिसते ती माणसांनी मुद्दाम जपल्यामुळे. कातड्यासाठी झालेल्या शिकारीने १९७० च्या दशकात तेथे शंभराच्याही आत मगरी उरल्या होत्या. १९७५ पासून डांगमाळला अंडी उबवून, पिल्ले वाढवून नदीत सोडण्याचे काम सुरू झाले आणि आता गणनेत सुमारे १,८०० मगरी मोजल्या जातात. याची किंमत काठावरची गावे मोजतात. मगरींच्या भयाने नदीघाटांना कुंपणे घालावी लागली आहेत. म्हणून बोटीबाहेर हात काढू नये आणि पाण्याच्या कडेला उभे राहू नये, याबाबत कोणाचीही भीड बाळगू नका.

खारफुटीकडेही तितक्याच लक्षाने पाहा. १९९९ च्या महाचक्रीवादळात उद्यानाच्याच केंद्रपाडा जिल्ह्यातील ज्या गावांपुढे तिचा रुंद पट्टा शाबूत होता, तेथे जीवितहानी कमी झाली. कनिकाच्या राजाच्या शिकारी मनोऱ्याकडे जाणारी पायवाट सुंदर आहे, पण सासूबाईंसाठी ती लांब पडेल. त्या वेळी कोणीतरी त्यांच्याजवळ थांबावे.

प्रश्नकर्त्या

सर्वांचे मनापासून आभार. मुलीची परीक्षा मार्चमध्ये आहे, त्यामुळे फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातली अष्टमी दिनदर्शिकेत शोधून तिच्या आसपासचे तीन दिवस डांगमाळला विचारून पाहते. पायवाटेच्या वेळी सासूबाईंजवळ मीच थांबेन. मनोरा मुलीने तिच्या वडिलांबरोबर पाहावा.